सासू-सुनेची विहीर

कमळजामातेच्या देवळापुढे उभी राहून मी विहीर शोधत होते. समोर नुसते पाणी होते, हिरवट आणि जड. देवळाच्या अंगणापाशी येऊन ते हलकेच मागे सरत होते. कडेला अर्धी बुडालेली बाभळीची झाडे, त्यांची पाने केव्हाच गळालेली, आणि एका वाळक्या फांदीवर एक बगळा.

"आता कुठं दिसते ताई विहीर," सोबत आलेले काका म्हणाले. "पान्याखाली गेली ना ते."

मी याआधी लोणारला आले होते ती 2019 च्या मे महिन्यात. आदल्या वर्षीचा पावसाळा बुडालेला, जालन्यात आमच्या गल्लीत टँकरची वाट बघत हंडे मांडलेले. तेव्हा सरोवर देवळापासून इतके मागे हटले होते की पाण्याला हात लावायचा तर भेगाळलेल्या चिखलावरून बरेच चालावे लागे. त्या चिखलावर पांढरी खारी पापडी धरली होती, पायाखाली ती करकर मोडायची. आणि त्या उघड्या पडलेल्या जमिनीत सासू-सुनेची विहीर दिसली होती. पाणी खूप आटले तरच ती वर येते. लोक सांगतात, या एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट. कोणती बाजू सासूची आणि कोणती सुनेची, हे मात्र सांगणाऱ्या बाईच्या वयावर ठरते. त्या दिवशी विहिरीच्या तळाशी गाळ होता आणि गाळात हाताला न लागणारे थोडे पाणी. पुढच्या वेळी दोरी आणि बाटली घेऊन येऊ, दोन्ही बाजूंचे पाणी तपासू, असे ठरवून मी परतले. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले आहे. असले काम पुढच्या वेळेवर टाकायचे नसते, हे मला तरी कळायला हवे होते.

या मार्गशीर्षात दोरी, बाटल्या, सामू (पीएच) तपासायचे कागद आणि वन विभागाची परवानगी असे सगळे घेऊन गेले, तर विहीरच नाही.

जालन्याहून मंठ्याच्या वाटेने एसटीने निघाले. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, कापसाची दुसरी वेचणी चालू होती. जमीन सपाट, काळी. लोणार गाव येते, बसस्थानक येते, रसवंतीचे घुंगरू ऐकू येतात, तरी सरोवराचा पत्ता नसतो. मग गावाच्या टोकाला जमीन जराशी चढते आणि अचानक पायापुढे काहीच उरत नाही. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे, जवळजवळ गोल विवर. त्याच्या तळाशी पाण्याची थाळी. काठापासून तळापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटरचा उतार, आणि त्यावर जंगल.

उल्का आदळून हे विवर झाले. ज्या खडकात झाले तो आपला सह्याद्रीचाच काळा बसाल्ट. अशा खडकातले आणि इतके नीट टिकलेले आघातविवर जगात दुर्मीळ आहे, म्हणून चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे इथे येतात. वयाबद्दल दोन आकडे आहेत. एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे निघतात, नंतरच्या आर्गॉन पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1979 मध्ये याला राष्ट्रीय भू-वारसा स्मारक म्हटले, 2000 मध्ये इथे अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये 427 हेक्टर क्षेत्र रामसर यादीत गेले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे रामसर स्थळ.

गावाकडे याहून जुनी नोंद आहे, ती दैत्यसूदनाच्या देवळात. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीच्या पोटात घर करून राहत होता. विष्णूने त्या घराचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त, आणि खार म्हणजे त्याचे मांस. देवळाच्या भिंतींवर इतके बारीक कोरीव काम आहे की मान अवघडते. पण मला शिल्पांपेक्षा या कथेचे नवल वाटते. वरून काहीतरी जोराने आले, जमिनीचे झाकण उडाले, आत खारट पाणी राहिले. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी ही जागा फार लक्षपूर्वक पाहिली होती.

आणि त्यांनी मिठाला बरोबर मध्यभागी ठेवले. लोणारचे सगळे काही मिठात आहे.

ते मीठ कुठून आले, हे धारेवर उभे राहिले की समजते. काठाच्या थोडे खाली धारतीर्थ आहे. गोमुखातून पाण्याची जाड धार पडते आणि ती उन्हाळ्यातही पडत राहते. आम्ही गेलो तेव्हा बायका ओंजळ भरून पाणी डोक्याला लावत होत्या, एकीने बाटली भरून घेतली. मी कागदाची पट्टी धारेत धरली. हिरवी झाली, म्हणजे ना आम्ल, ना अल्क. हे पाणी गोडे. अशाच झऱ्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी या विवरात उतरत आले आहे. बसाल्ट झिजतो, त्यातले क्षार थोडेथोडे घेऊन पाणी खाली जाते. पण खाली गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. ना नदी, ना ओढा, ना सांडवा. ते फक्त वाफ होऊन जाते, आणि आणलेले क्षार मागे ठेवून जाते. कॅल्शियम चुनखडीच्या रूपात तळाशी बसतो. पाण्यात उरतात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड. म्हणून हे पाणी समुद्रासारखे नुसते खारट नाही, ते अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असल्याच्या नोंदी कितीतरी दशकांच्या आहेत. हात बुडवला तर साबण लावल्यासारखा बुळबुळीत लागतो.

अशा पाण्यात गोड्या पाण्यातला मासा जगत नाही, बेडकाची अंडी टिकत नाहीत. पण ते निर्जीव मुळीच नाही. त्याचा हिरवा रंग निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचा आहे. त्यातला मुख्य तो स्पायरुलिना, जो दुकानात गोळ्यांच्या डबीत मिळतो. त्याच्याखाली, चिखलात, प्राणवायूशिवाय जगणारी, गंधक आणि मिथेनवर संसार करणारी आणखी सृष्टी आहे. काठाशी सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो तिचाच. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना इथे नवे जीवाणू सापडले आहेत. एकाचे नावच ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’ आहे.

धारेपासून खाली उतरताना जंगल कड्यांकड्यांनी बदलते. वरच्या उतारावर साग, बेल, कडुनिंब, सीताफळ. लंगूर आम्हाला पाहून निवांत बसून होते, मोराचा ओरडा दोनदा आला. मग खाली बाभळीचे कडे आणि त्यात घुसलेली वेडी बाभूळ. ही परदेशी बाभूळ एकदा आली की खाली गवत उगवू देत नाही, काठावर फिरणाऱ्या पक्ष्यांची जागा खाते. वन खात्याने ती बरीच काढली आहे आणि ती पुन्हा फुटते आहे. उतरत्या वाटेवर रामगयेचे देऊळ, पुढे काठाने आणखी देवळे, काही पडकी, काही मुळांनी कवटाळलेली. पुरातत्त्व खात्याचे निळे फलक. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मी पाण्याकडे बघत होते.

धारेकडून येणारा ओहोळ सरोवराला मिळतो तिथे गवत दाट, गर्द हिरवे. फोटो काढावा असे. त्या हिरव्या रंगानेच मला थांबवले. काका म्हणाले, एक काळ होता, या खालच्या सपाटीवर लोक केळी घ्यायचे, मका घ्यायचे. गाळाची जमीन, वरून बारमाही पाणी, शेती कोण सोडील? खते आणि फवारे सगळे सरळ सरोवरात. अभयारण्य झाल्यावर ते थांबले. पण गाव काठावर वाढत गेले आणि गावाचे सांडपाणी उताराने खाली येऊ लागले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारच्या जतनाचे प्रकरण वर्षानुवर्षे चालले आहे, त्यात हा विषय आहे. ओहोळाच्या काठी मला गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पिशव्या आणि देवीच्या ओटीतली एक हिरवी चोळीखणाची घडी दिसली. खणाचा मला राग येत नाही. तो गोळा करता येतो. साबण, मैला आणि त्यांतून येणारे नत्र-स्फुरद एकदा पाण्यात गेले की इथून बाहेर काढता येत नाहीत. ज्या तळ्याला सांडवा नाही ते काहीच विसरत नाही.

मी तीन ठिकाणी पट्ट्या बुडवल्या. ओहोळाच्या तोंडाशी पट्टी हिरवट निळी झाली. तिथून बरेच पुढे, बाभळींपाशी, निळी. देवळाजवळ गर्द निळी. 2019 च्या उन्हाळ्यात याच कागदाची पट्टी जांभळी झाली होती, म्हणजे पाणी आणखी अल्कधर्मी होते. ती मी वहीत चिकटवून ठेवली आहे, अजून तिचा रंग पुरता उडालेला नाही. दोन्ही शेजारी धरून मी बराच वेळ बसले.

कागदाच्या पट्टीला मर्यादा असतात, हे मी मुलांना शिकवत आले. पावसाळ्यानंतर गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते, खालचे जड खारे पाणी वेगळेच असू शकते. मेमधला नमुना आणि मार्गशीर्षातला नमुना यांची सरळ तुलना होत नाही. एका दिवसाच्या नाडीवरून कुणाचा आजार ठरवू नये. पण सामूच्या मापात एक अंक खाली येणे म्हणजे हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण दहाव्या हिश्श्यावर येणे. कानाला ‘दहाचा नऊ झाला’ हे ताप एका अंशाने उतरल्यासारखे वाटते. तसे ते नाही.

काका माझ्या वहीकडे बघत म्हणाले, "पोरं सांगून राह्यली ताई, धारेच्या तोंडाशी बारके मासे दिसले म्हनून."

"तुम्ही पाहिले?"

"म्या नाही पाह्यले. पन काहून खोटं सांगतीन?" आणि मग थोडे थांबून, खुशीत, "पानी सुधरलं म्हनायचं का आता?"

मला दिसले नाहीत. ओहोळाच्या तोंडाशी वाकून, उन्हाकडे पाठ करून मी बरीच वाट पाहिली. पण काकांच्या प्रश्नाने पोटात खड्डा पडला, कारण तो प्रश्न अगदी बरोबर होता. आपण नाशिकला, कोल्हापूरला, कुठेही तळ्याकाठी उभे राहिलो की हेच विचारतो. पाणी भरपूर आहे ना? मासे आहेत ना? काठ हिरवा आहे ना? मग तळे बरे आहे. कोल्हापूरच्या रंकाळ्यात मासे मेले तर गाव हादरते, आणि हादरायलाच हवे. लोणारला ही सगळी लक्षणे उलटी वाचावी लागतात. इथे पाणी वाढणे म्हणजे मीठ विरळ होणे. इथे मासा जगला तर तो शुभशकुन नव्हे, कारण गोड्या पाण्यातला मासा जगेल इतके पाणी पातळ झाले तर त्यात स्पायरुलिनाचे राज्य टिकत नाही. त्याची जागा कुठल्याही गावतळ्यातले शेवाळ घेते. हजारो वर्षांत साठलेली गोष्ट पातळ होत होत शेवटी एक मोठे, सुंदर, सर्वसाधारण तळे उरेल. लोक त्याला सुधारणा म्हणतील, नौकाविहार सुरू करा म्हणतील.

हे असेच होणार असे मी म्हणत नाही. सरोवर पूर्वीही वाढले आहे, आटले आहे. विहीर बुडणे आणि वर येणे हा त्याचा श्वासच आहे. गेल्या काही वर्षांत पाऊस चांगला झाला, पाणी वाढणारच. पण वाढीत पावसाचा वाटा किती, भोवतालच्या पाझर तलावांतून आत झिरपणाऱ्या पाण्याचा किती, आणि गावाच्या सांडपाण्याचा किती, हा हिशेब वेगवेगळा मांडल्याशिवाय कशावर उपाय करायचा तेच कळणार नाही. पाऊस देवाचा. उरलेले दोन आपले.

2020 च्या जूनमध्ये उलटे घडले होते. सगळीकडे टाळेबंदी, आणि लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. दूरचित्रवाणीवर ते सतत दिसत होते. मला ओळखीच्या कितीतरी जणांचे फोन आले, सगळ्यांचा सूर एकच, सरोवराला काय झाले, विषबाधा झाली का? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. तीव्र मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांचे गुलाबी रंगद्रव्य. पाणी आटले, मीठ दाट झाले, आणि एरवी मागे राहणाऱ्यांचे दिवस आले. पाऊस झाल्यावर ते तळाशी बसले आणि रंग गेला. म्हणजे ज्या वेळी सगळा महाराष्ट्र सरोवराच्या काळजीत होता त्या वेळी ते आपल्या स्वभावाने वागत होते. आणि आता, ते हिरवे, भरलेले, डोळ्यांना थंड करणारे झाले आहे, तर कुणाचा फोन येत नाही.

देवळाच्या ओसरीवर एक आजी ओटीचे सामान घेऊन बसल्या होत्या. नारळ, हिरव्या बांगड्या, खण, कुंकवाच्या पुड्या. नवरात्रात इथे जत्रा भरते, तेव्हाच खरा धंदा. एरवी दिवसाला दोन-तीन नारळ. मी पाणी, खार असे काही विचारते आहे हे ऐकून त्या स्वतःच बोलू लागल्या. त्यांच्या सासूबाई पापडात इथलाच खार घालायच्या. उन्हाळ्यात पाणी मागे गेले की काठावर धरलेला खार लोक गोळा करायचे. त्याची नावे होती: पापडी, भुस्की, दल्ला, खुप्पल. आजींनी ती अशी म्हटली जशी आपण भावंडांची नावे घेतो. कुठला ओबडधोबड, कुठला भुकटीसारखा, कुठला धुण्याला, कुठला दुकानदार घ्यायचा. अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही लोणारचा उल्लेख काच आणि साबण यांच्या मालासाठी येतो. इतकी शतके या पाण्यावर माणसे जगली.

"आता नाही निघत तसा," आजी म्हणाल्या. "पानीच मागं जात नाही तं खार कुठून धरन?"

मी दिवसभर बाटल्या भरत होते, पट्ट्या रंगवत होते, आणि त्यांनी एका वाक्यात निदान सांगितले. अनेक वर्षांचे, दरवर्षी बघितलेले. आपल्याकडे सरोवराच्या आरोग्याची तपासणी होते ती प्रकल्पाच्या मुदतीपुरती. अहवाल होतो, संचिका बंद होते, पुढचा प्रकल्प नव्याने सुरू होतो. मला वाटते, या देवळासमोर पाण्यात एक साधी आकडे रंगवलेली मोजपट्टी उभी करावी, कुणालाही ओसरीवरून वाचता येईल अशी. दर अमावस्येला तिचा आकडा कुणीतरी वहीत लिहावा. त्याच दिवशी धारेचे, ओहोळाचे आणि मधल्या पाण्याचे क्लोराइड आणि अल्कता मोजावी, स्पायरुलिना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. तालुक्याच्या कॉलेजची मुले हे करू शकतात. मी असे काम मुलांकडून करून घेतले आहे, ती मन लावून करतात. आणि आकड्यांच्या शेजारी आजींसारख्यांच्या आठवणीही लिहून घ्याव्यात. विहीर कोणकोणत्या साली दिसली, खार कधी धरायचा बंद झाला, देवळाच्या कोणत्या दगडापर्यंत पाणी आले होते. ही मोजमापेच आहेत. त्यांना तारखा लावायचे काम राहिले आहे, आणि सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

दुपार कलली. पाण्यावर चक्रवाकांची एक जोडी उतरली, नारिंगी अंगाची, आणि दूर बाभळींमधून टिबुकल्यांची किलबिल आली. काठाच्या चिखलात शेकाट्या लांब पाय टाकत फिरत होत्या. मी त्या मोजल्या: अकरा. चिखल जितका उघडा तितकी यांना चरायला जागा, आणि आज चिखलाची पट्टी चार हात रुंद होती.

निघताना काकांना म्हटले, विहीर नेमकी कुठे होती ते तरी दाखवा. त्यांनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि देवळाच्या दाराकडे पाठ करून पावले मोजत पाण्यात शिरले. पाणी घोट्यापर्यंत आले, मग पोटऱ्यांपर्यंत. ते थांबले. उजवीकडच्या कड्यावरच्या एका झाडाशी नजरेने काहीतरी जुळवले, दोन पावले डावीकडे सरकले.

"या झाडाच्या समोर," ते म्हणाले. "पन अजून पुढं. माह्या पायाला लागत नाही."

आजी ओसरीवरून मोठ्याने म्हणाल्या, "अजून पुढं, अजून! तू लहान होता तवा पाह्यली, तुले काय आठवते?"

काका पाण्यात उभे राहिले, हात लांब करून एका जागेकडे बोट दाखवत. आजी मान हलवत राहिल्या, नाही, आणखी पलीकडे. मी वही उघडली आणि दोघांनी दाखवलेल्या दोन्ही जागा त्या झाडाच्या खुणेसकट उतरवून घेतल्या.